जिवाचं देणं ठरवा, मग त्याचं रूप : फँटसीत लोककथांतले जीव कसे लिहावेत

सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले तालुक्यात, आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे नवस फेडताना केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून चपला झिजतात, म्हणून नव्या द्याव्या लागतात, अशी श्रद्धा आहे. फँटसी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी या चपलांबद्दल सांगेन. त्यांच्या मापावरून देवाच्या पावलाचा अंदाज येतो, झिजलेल्या तळव्यांवरून त्याचं काम कळतं, आणि नवा जोड म्हणजे गावानं त्याचं फेडलेलं देणं. वेतोबा स्वतः समोर आलेला नाही, तरी तो आहे हे पटतं.

नव्या लेखकांच्या हस्तलिखितांत नेमकं हेच हरवलेलं दिसतं. तिथे हडळ असते, मुंजा असतो, खवीस असतो. उलटे पाय, मोकळे केस, लाल डोळे सगळं असतं. पण त्याला कोणाकडून काय हवंय आणि ते मिळालं नाही तर तो काय करेल, हे लेखकालाच ठाऊक नसतं. मग तो जीव फक्त दचकवायला येतो आणि तीन-चार वेळा दचकवून झालं की वाचक त्याला सरावतो. आपल्या लोकपरंपरेत असे जीव देण्याघेण्याच्या हिशेबातून जन्मतात. लिहितानाही तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे, आणि पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

नुसत्या तत्त्वांनी हात चालत नाही, म्हणून सोबत एक नवा जीव आपण घडवत जाऊ. जागा रायगडच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या खारपट्टीतल्या गावाची. गाव काल्पनिक, जीवही काल्पनिक. भरती-ओहोटी मात्र खरी.

पायरी पहिली : एकच जीव निवडा

एका कादंबरीत वेताळ, यक्ष, नाग, गंधर्व, हडळ आणि वर एक परदेशी ड्रॅगन अशी जत्रा भरवू नका. प्रत्येक जिवामागे एक जग असतं आणि ते उभं करायला पानं लागतात. कथेला एक मुख्य जीव पुरतो, कादंबरीला दोन किंवा तीन, तेही एकमेकांशी काही नातं असलेले. कित्येक ठिकाणी पाणवठ्यावरच्या साती आसरांसोबत त्यांचा भाऊ म्हणून म्हसोबा असतो. बहिणी आणि राखणदार भाऊ असं नातं तिथे आयतं मिळतं. असं नातं नसेल तर दुसऱ्या जिवाला पुढच्या पुस्तकापर्यंत थांबवा.

पायरी दुसरी : तो जीव कुठून आला ते शोधा

आपल्याकडे जीव तीन ठिकाणी भेटतात आणि तिन्ही ठिकाणी मिळणारा माल वेगळा असतो.

पहिलं ठिकाण ग्रंथांचं. ग्रंथातल्या जिवाला बहुधा अट असते. महाभारतात वनपर्वाच्या शेवटी तळ्याकाठचा यक्ष आधी प्रश्नांची उत्तरं मागतो, मगच पाणी पिऊ देतो. चार पांडव न ऐकता पाणी पितात आणि कोसळतात. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. प्रेत खांद्यावर घेऊन राजानं गप्प चालायचं. पण वेताळ गोष्ट सांगून प्रश्न टाकतो आणि बजावतो, की उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोकं फुटेल. बोललं की मौन मोडतं आणि वेताळ पुन्हा झाडावर. या एका कात्रीवर अख्खी मालिका चालते. ती सुटतेही फार सुंदर रीतीने: शेवटच्या कथेत नात्यांचा असा गुंता येतो की राजाला खरोखरच उत्तर सुचत नाही. तो गप्प राहतो, आणि ते गप्प राहणं प्रामाणिक असतं. मग वेताळच त्याला सावध करतो, की ज्या भिक्षूसाठी तू हे करतो आहेस तो तुझाच बळी देणार आहे. भीतीदायक जीव आणि राजाचा खरा हितकर्ता एकच निघतो. कथानक शिकायचं असेल तर हा सांगाडा कागदावर उतरवून बघा. मला याहून चांगला धडा माहीत नाही.

दुसरं ठिकाण दगडाचं. मुरुड-जंजिऱ्याच्या मुख्य दरवाज्यावर एक वाघासारखं जनावर कोरलेलं आहे आणि त्यानं हत्ती पंजात धरलेत. असले शरभ दख्खनेतल्या बऱ्याच किल्ल्यांवर दिसतात. दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी म्हैसूरच्या राजचिन्हात आहे. देवळाच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असतं. त्याची कथा अशी की शिवानं राहूला खाण्यासाठी एक भुकेला जीव उत्पन्न केला, मग राहू शरण आला, आणि भूक तर उरलीच, तेव्हा शिवाच्या सांगण्यावरून तो स्वतःलाच खात गेला आणि शेवटी तोंड तेवढं राहिलं. दगडातला जीव सत्तेबद्दल बोलतो: कोणी कोणाला धरलंय, कोण कोणाच्या दारात बसलंय. शैव कथांत शरभ नरसिंहाला आवरतो, तर वैष्णव बाजूनं शरभाला आवरणारा गंडभेरुंड उभा राहतो. तुमच्या कथेत दोन राज्यं किंवा दोन पंथ असतील तर एकाच जिवाच्या अशा दोन परस्परविरोधी कथा त्यांच्या तोंडी घाला. जग आपोआप जुनं वाटू लागतं.

तिसरं ठिकाण बोलण्याचं, आणि मराठी लेखकासाठी सगळ्यात श्रीमंत तेच. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन १९०९ साली मारला गेला. त्यानं जमवलेल्या लोकसमजुतींच्या नोंदी नंतर आर. ई. एन्थोवेन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं संकलित केल्या, त्यातला कोकणाचा भाग १९१५ साली छापला गेला. माहिती बरीचशी गावोगावच्या शाळामास्तरांनी पुरवलेली. वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, वीर, जखीण, लावसट, हडळ अशी यादीच तिथे सापडते. ती वाचा, पण तिथेच थांबू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. विचारताना “तुम्ही भूत पाहिलंय का” असं विचारलंत तर एक तर हसण्यावारी नेतील किंवा ऐकीव गोष्ट सांगतील. त्याऐवजी “तिन्हीसांजेला कुठल्या वाटेनं जायचं नाही म्हणायचे?”, “विहिरीवर पहिल्यांदा पाणी भरायला गेलात तेव्हा काय वाहिलं?”, “शेत लावायच्या आधी कोणाला काय द्यायचे?” असं विचारा. उत्तरात जागा, वेळ आणि वस्तू येतील, आणि तुम्हाला त्याच तीन गोष्टी हव्या आहेत.

पायरी तिसरी : देणं लिहून काढा

मुंजा कोण? मुंज झाली, पण सोडमुंज आणि लग्न व्हायच्या आधीच गेलेला मुलगा. पिंपळावर राहतो. हडळ बहुधा बाळंतपणात गेलेली बाई. समंध बऱ्याचदा पुरलेल्या धनावर अडकलेला. गिऱ्हा बुडून मेलेल्याचा, म्हणून पाण्यात. गोव्यात आणि तळकोकणात राखणदाराला, देवचाराला रोट आणि दारू ठेवतात. तो शेत राखतो, मानस म्हणजे बांधातली पाण्याची झडप राखतो, त्याची ती मजुरी. हा सगळा हिशेबच आहे. कोणाचं तरी आयुष्य मध्येच तुटलं, कोणाला तरी कबूल केलेलं मिळालं नाही, किंवा कोणी रोज काम करतो आणि त्याचा वाटा दिला पाहिजे.

म्हणून वहीत रूप लिहायच्या आधी चार वाक्यं लिहा. याला कोणाकडून काय येणं आहे? ते का थकलं? थकलं तर तो काय करतो? फेडलं तर गाव काय गमावतं?

चौथा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि कादंबरी त्याच्यावरच उभी राहते. देणं फेडलं की सुटका, असं सरळ असेल तर ती गोष्ट वीस पानांत संपेल. फेडण्यालाच किंमत असेल तर माणसं भांडतील, टाळतील, खोटं बोलतील.

आता आपला जीव. खारपट्टीतलं गाव समुद्राच्या पाण्यापासून भातशेती वाचवतं ते मातीच्या बांधानं. बांधाला उघाडी असते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर जातं आणि भरतीला ती बंद राहते. बांध फुटला की त्याला खांड गेली म्हणतात, आणि एकदा खारं पाणी शेतात शिरलं की ती जमीन सुधारायला वर्षं जातात. आपल्या गावात सहा-सात पिढ्यांपूर्वी एक खांड काही केल्या बुजेना. तेव्हा एका गड्याला तिच्यात आडवं घातलं आणि वर माती ओढली. त्याच्या बायकोला कबूल केलं, की खंडीमागं एक पायली भात तुझ्या घराला, बांध आहे तोवर. खंडी आणि पायली ही धान्य मोजायची जुनी मापं, खंडी मोठं आणि पायली लहान. दोन पिढ्या दिलं. मग ते घर मुंबईला गेलं, आणि देणंही बंद पडलं.

तो अजून तिथेच आहे, पाठीनं बांध धरून. गाव त्याला ‘आजा’ म्हणतं.

चार वाक्यं झाली का पाहा. येणं: खंडीमागं पायली. थकलं कारण: घेणारं घर उरलं नाही आणि देणाऱ्यांना ते सोयीचं पडलं. थकलं तर: तो मागायला येतो. फेडलं तर: हिशेब पुरा झाल्यावर त्याला तिथे पाठ लावून राहायचं कारण उरत नाही, आणि मग बांध कोण धरणार? गावातल्या शहाण्या माणसांनी देणं मुद्दाम थकवत ठेवलं असेल तर? हा प्रश्न सुचला तिथे माझ्या मते कादंबरी सुरू झाली.

पायरी चौथी : नियम जागेतून काढा

सामर्थ्याला मर्यादा नसेल तर ताण येत नाही, हे सगळे जाणतात. पण मर्यादा कुठून आणायची? परदेशी भयकथांतली चांदीची गोळी किंवा लसणीची माळ उसनी आणली तर ती उसनी दिसते. जागेकडे बघा.

घटोत्कचाचं उदाहरण घ्या. राक्षसांचं बळ रात्री वाढतं. म्हणून चौदाव्या दिवशी सूर्यास्तानंतरही युद्ध चालू राहतं तेव्हा तो आवरेनासा होतो. कर्णाकडे इंद्रानं दिलेली शक्ती आहे, ती एकदाच वापरता येते आणि त्यानं ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली आहे. कौरवसैन्य वाचवायचं तर ती इथेच खर्चावी लागते. घटोत्कच मरतो, मरताना देह वाढवून कौरवांच्याच सैन्यावर पडतो, आणि अर्जुन वाचतो. एकाचं बळ वेळेला बांधलेलं, दुसऱ्याचं अस्त्र संख्येला बांधलेलं. दोन साधे नियम एकमेकांत अडकले आणि युद्धाचा निकाल फिरला. नियम इतकेच असावेत: दोन, फार तर तीन, आणि वाचकाला आधीच माहीत झालेले.

आजासाठी नियम भरतीत आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी खूप चढतं, भांगाला थोडंच. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजानं निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. कोळ्यांच्या आणि खारशेतकऱ्यांच्या तोंडी हा हिशेब असतोच. आता सरळ विचार केला तर पाण्यातला जीव उधाणाला बलवान असेल, म्हणजे गावानं उधाणाला घाबरावं. पण आपला आजा बांध धरून आहे. उधाणाला त्याला हलताच येत नाही, सगळं अंग पाण्याला लावून उभं राहावं लागतं. त्याचे हात मोकळे होतात ते भांगाला. म्हणून या गावात अष्टमीची रात्र वाईट. शांत पाण्याची, निर्धास्त वाटावी अशी रात्र. बाहेरचा माणूस अमावास्येला घाबरून दार लावतो आणि अष्टमीला खुशाल बांधावर फिरायला जातो. नियम वाचकाच्या अपेक्षेच्या उलट गेला, तरी त्याला कारण आहे. कारण नसतं तर ती नुसती चलाखी झाली असती.

याच नियमानं प्रसंगांचं वेळापत्रकही तयार होतं. दोन अष्टम्यांमध्ये साधारण पंधरवडा असतो. प्रत्येक प्रकरणाला एक पंधरवडा दिला तर पात्रांना पुढची भेट कधी हे ठाऊक असतं, आणि वाट पाहण्याची भीती लेखकाला आयती मिळते.

पायरी पाचवी : देह, पण कमीत कमी

ओडिया महाभारतात, सारळा दासांच्या पंधराव्या शतकातल्या रचनेत, नवगुंजर नावाचं रूप येतं. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपटी, पाय वेगवेगळ्या प्राण्यांचे आणि एक हात माणसाचा. अर्जुन बाण लावतो, आणि तो मानवी हात पाहून थांबतो, कारण असं जनावर जगात नाही आणि हे दर्शन आहे हे त्याला उमगतं. नऊ अवयवांतला एक कथेला वळण देतो. बाकीचे आठ डोळ्यांसाठी आहेत, चित्रकथी आणि पटचित्रकारासाठी तर फारच उपयोगाचे, पण गद्य लिहिणाऱ्यानं तो नववा अवयव शोधावा.

देह कामातून घडू द्या. आजा पिढ्यान्‌पिढ्या पाठीनं पाणी अडवतोय, म्हणून त्याच्या पाठीवर कालवं चढलेली आहेत आणि चिंबोऱ्यांची बिळं आहेत. टाचा रेटून रेटून चपट्या झाल्यात. छाती मात्र कोरडी, चिखलाची, भेगाळलेली, कारण ती शेताच्या बाजूला असते. समोरून तो एखाद्या थकल्या म्हाताऱ्यासारखा दिसेल. पाठ फिरवली की समुद्र दिसेल. बस एवढंच. डोळ्यांचा रंग, नखांची लांबी, उंची किती फूट, यातलं काही लिहू नका.

वास आणि आवाज यांना डोळ्यांपेक्षा जास्त जागा द्या. ओहोटीच्या चिखलाचा वास, कालवं एकमेकांवर घासल्याचा आवाज. अंधाराच्या प्रसंगात वाचकही आंधळाच असतो.

पायरी सहावी : पानावर आणताना

आधी खूण, मग साक्ष, मग भेट, या क्रमानं जा. पहिल्या भेटीला घाई करू नका, पण इतकी दिरंगाईही नको की वाचकाला फसवल्यासारखं वाटेल. कादंबरीच्या पहिल्या एक-पंचमांशात खूण आणि साक्ष, पहिल्या एक-तृतीयांशाच्या आत भेट, असा माझा अंदाज असतो.

खूण वस्तूची असावी. साक्ष दोन माणसांची असावी आणि त्या दोघांत फरक पडावा: एक म्हणेल तो रडत होता, दुसरी म्हणेल तो मोजत होता. दोघंही खरं सांगत असतात.

भेटीचा प्रसंग बहुतेक हस्तलिखितांत असा येतो:

“अचानक वीज कडाडली आणि त्या प्रकाशात सुगंधाला ते भयानक, अक्राळविक्राळ रूप दिसलं. त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल होते. तिच्या अंगावर काटा आला. तिची किंचाळी घशातच अडकली.”

यात सगळी विशेषणं लेखकाची आहेत आणि सुगंधाचं काहीच नाही. तेच असं लिहून पाहू:

“सकाळी सुगंधा ओटा सारवायला आली तेव्हा पायरीवर खाजणातला काळा चिखल होता. दोन टाचांचा. बोटं उमटलीच नव्हती. तिनं तो खरवडून काढला, सासूला सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तसाच चिखल, या वेळी ओट्यावर. त्या रात्री ती दारामागं बसून राहिली. उशिरा कधीतरी बाहेर शिंपले घासल्यासारखा आवाज आला आणि थांबला.

‘पोरी,’ बाहेरून कोणी म्हणालं, ‘पायली आणलीस का?’

पायली तिच्या घरात नव्हती. तिच्या आजीच्या काळानंतर गावात कोणाच्याच घरात नव्हती. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतले दोन किलो तांदूळ फटीतून पुढं सारले.

बाहेर बराच वेळ काही हललं नाही. मग तो म्हणाला, ‘हे मोजलेलं न्हाई.’ ”

इथे भीती मापाची आहे. देणं कसं फेडायचं हेच गाव विसरलंय, आता मनात आणलं तरी फेडता येत नाही. आणि कथेला पुढचं काम मिळालं: पायली शोधणं.

बोलीबद्दल एक. असा जीव प्रमाण मराठीत पल्लेदार वाक्यं बोलू लागला की तो नाटकातला राजा होतो. तो ज्या काळी, ज्या गावात अडकला तिथलं बोलणं त्याच्या तोंडी द्या, आणि थोडं द्या. ती बोली तुमची नसेल तर तिथल्या माणसाकडून वाचून घ्या; मालवणी, आगरी आणि वाडवळी एकमेकींत कालवू नका. देवचाराच्या तोंडी कोकणी आणायची असेल तर तिथली माणसं वाचणार आहेत हे धरून लिहा.

पायरी सातवी : माणसांची तीन बाजूंनी ओढाताण

जीव एकटा असेल तर ती दंतकथा. माणसं वाटली गेली की कादंबरी. त्याच्याकडे तीन वेगवेगळ्या गरजांनी पाहणारी तीन माणसं घ्या. आपल्या गावात सुगंधा त्याचं देणं फेडू पाहते. तिचा सासरा हिशेबाची जुनी वही लपवून बसलाय, कारण देणं फिटलं तर बांध जाईल असं त्याच्या वडलांनी त्याला सांगितलंय, आणि तो खरंच गावाच्या भल्यासाठी गप्प आहे. तिसरा, मुंबईहून आलेला त्या गड्याच्याच घरातला पोरगा. त्याला जमीन विकायची आहे आणि आजा आपला पूर्वज आहे हे त्याला ठाऊकही नाही. तिघांपैकी कोणालाही खलनायक करू नका. सासऱ्याला तर मुळीच नको, त्याची बाजू सगळ्यात अवघड आहे आणि तुम्ही ती मनापासून मांडली तरच सुगंधेच्या निर्णयाला वजन येईल.

पायरी आठवी : कोणाला भूत केलं गेलं, ते पाहा

ही पायरी मी शेवटाकडे ठेवली असली तरी तिचा विचार पहिल्या दिवसापासून हवा. जॅक्सन-एन्थोवेनच्या त्या जुन्या नोंदी नीट वाचल्या तर दिसतं की भुतांचे कित्येक प्रकार मेलेल्याच्या जातीवरून लावलेले आहेत. समंध ब्राह्मणाचा आणि धनावर बसलेला. खवीस दलित जातींतल्या माणसाचा आणि म्हणे सगळ्यात दांडगा. बायकांचे प्रकार तर नवरा आहे की नाही यावरून: जखीण सवाष्ण, लावसट विधवा. जिवंतपणी ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्यांचीच भीती मेल्यावर गावाला वाटली. हे सगळं जसंच्या तसं उचलून पानावर ठेवलंत तर ती जुनी अवहेलना तुम्ही पुन्हा छापाल. ते टाळून गुळगुळीत करणं हाही उपाय मला पटत नाही. गोष्ट त्या जिवाच्या बाजूनं सांगितली की हीच यादी आरोपपत्र होते. खांडीत घातलेला आपला गडी कोणत्या वस्तीतला असेल, हे गावानं कसं ठरवलं असेल? मला तरी हा प्रश्न कादंबरीतून काढता येणार नाही.

चेटकीण किंवा डाकीण लिहिताना तर फार जपा. सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण, बहिष्कार झालेले आहेत. हा जिवंत माणसांचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं अशा छळाला गुन्हा ठरवलं. तुमच्या कथेत एखादी म्हातारी खरोखरच डाकीण निघाली आणि गावाचा संशय खरा ठरला, तर तुम्ही कोणाच्या बाजूला उभे राहिलात ते एकदा तपासा.

आणि ज्यांची आज पूजा होते, तिथे नाव बदला. वेतोबा, साती आसरा, वाघबारशीला पूजला जाणारा वाघदेव ही लोकांची दैवतं आहेत. त्यांच्यापासून शिकून स्वतःचा जीव घडवा, जसा आपण आजा घडवला. त्यानं लेखकालाही मोकळीक मिळते. खऱ्या देवाच्या नियमांना बांधून घ्यावं लागत नाही.

पायरी नववी : शेवट

जिवाला मारून शेवट करणं सगळ्यात सोपं आणि बहुतेक वेळा सगळ्यात कमकुवत. देण्याघेण्यातून आलेल्या जिवाचा शेवट हिशेबातून यायला हवा. वाटा चार दिसतात: देणं फिटतं, देणं नाकारलं जातं, ते दुसऱ्या कोणाच्या नावावर चढतं, किंवा हिशेबच चुकीचा होता असं उघड होतं. चारही आजावर लावून पाहा. फिटलं तर तो उठतो आणि पुढच्या उधाणाला गाव स्वतः बांधावर उभं राहतं, घरटी एक माणूस. नाकारलं तर खांड जाते. नावावर चढलं तर कोणीतरी त्याच्या जागी पाठ लावतं. हिशेब चुकीचा असेल तर बांध इतकी वर्षं त्याच्यामुळे टिकला नव्हताच. दरवर्षी माती टाकणाऱ्या बायकांमुळे टिकला, आणि तो उगाच अडकून पडला. मला चौथा शेवट सगळ्यात क्रूर आणि सगळ्यात न्याय्य वाटतो. तुम्हाला पहिला वाटेल. पण चारही अर्धं-अर्धं पान लिहून पाहिल्याशिवाय निवड करू नका.

हस्तलिखित झाल्यावर

तीन तपासण्या करा. पहिली, जीव पूर्ण काढून त्याच्या जागी एखादा साधा गुंड किंवा सावकार घाला. गोष्ट तशीच चालली तर जिवाचं काम अजून झालेलं नाही, पुन्हा तिसऱ्या पायरीवर या. दुसरी, ‘भयानक’, ‘भयाण’, ‘अक्राळविक्राळ’, ‘गूढ’, ‘अचानक’ हे शब्द शोधून एकेक काढा आणि त्या वाक्यात वस्तू घाला. तिसरी, नियम मोडलाय का ते तारखांनी तपासा. आजा अष्टमीला येतो असं ठरवलं आणि एकविसाव्या प्रकरणात तो कोजागिरीला दारात उभा असेल, तर वाचकातला एखादा कोळी ते लगेच पकडेल. पंचांग घ्या, कथेच्या वर्षातली प्रत्येक तिथी समासात लिहा, शेजारी पाऊणपटीनं भरतीची वेळ मांडा. आणि मग ते पान अशा माणसाला दाखवा ज्यानं बांधावर खरंच माती टाकली आहे.